आईच्या डब्यातला नमुना

प्रयोगशाळेत तिला सगळे ब्लँकताई म्हणत. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण तिला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर ते नाव तिला आवडतही होतं. ब्लँक म्हणजे कोरा नमुना. ज्यात तपासण्यासारखं काहीच नाही असं नुसतं द्रावण यंत्रात सोडायचं आणि यंत्र काय म्हणतं ते बघायचं. कोऱ्या द्रावणातही यंत्राला काही दिसलं, तर समजायचं की यंत्र मळलंय, नाहीतर बाटली, नाहीतर तुमचा हात. बाकीचे लोक दहा नमुन्यांमागे एक ब्लँक चालवत. ही बाई दर नमुन्याआधी एक चालवायची आणि नंतर दोन.

साहेब करवादत, "अहो, गिऱ्हाईक नमुन्याचा रिपोर्ट मागतं, कोऱ्या पाण्याचा नाही."

"साहेब, खोटं माणूस बोलतो, यंत्र नाही," ती म्हणे. "फक्त ते स्वच्छ आहे ना, एवढं बघावं लागतं."

यंत्र दोन कपाटांएवढं होतं. त्याच्या पहिल्या भागात बोटाएवढी पोलादी नळी, तिला कॉलम म्हणत. विरघळवलेला नमुना तिच्यातून दाबाने ढकलला की आतले मिसळलेले पदार्थ एकमेकांपासून सुटत. बाजारातून निघालेल्या माणसांसारखं कुणी दोन मिनिटांत बाहेर पडे, कुणी प्रत्येक दुकानापाशी रेंगाळत नऊ मिनिटांनी येई. दुसरा भाग बाहेर येणाऱ्या प्रत्येकाचं वजन करी, मग त्याला फोडून तुकड्यांचंही वजन करी. वेळ जुळली, वजन जुळलं, तुकडे जुळले, की ओळख पटली. पडद्यावरच्या सपाट रेषेतून एक सुळका वर येई. माणसांच्या ओळखी इतक्या खात्रीने पटल्या असत्या तर जगातली निम्मी लग्नं झाली नसती. ब्लँकताईंचं तर झालंच नव्हतं, आणि का नाही झालं हे विचारायची प्रयोगशाळेत कुणाची छाती नव्हती.

घरी ती, आई आणि धाकटा भाऊ. भाऊ पस्तिशीचा. त्याने आजवर तीन धंदे केले होते. अळिंबी लावली, ती कुजली. कागदी पेले बनवले, ते गळले. मग मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलं, त्यात गिऱ्हाइकांचे बिघडलेले मोबाइल आणखी बिघडले. कष्टाला तो कमी नव्हता. फक्त यश त्याच्याकडे येताना नेमकं आधीच्या वळणावर वळायचं. चौथा धंदा होता गुडघेदुखीच्या पावडरीचा. सुंठ, मेथ्या आणि कसली तरी झाडाची साल घरामागच्या गाळ्यात दळायची आणि डब्यात भरायची.

ताईने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "याने काही होणार नाही. अपायही नाही आणि उपायही नाही."

पण झालं. दोन वर्षं खुर्ची न सोडलेली आई पावडर सुरू केल्यापासून पंधरा दिवसांत उठली. महिन्याभरात कोपऱ्यावरच्या मेडिकलच्या दुकानापर्यंत पायी जाऊन यायला लागली. डॉक्टरांच्या गोळ्यांना तर तिने कधीच हात लावला नव्हता. ताईने आणून दिलेली पाकिटं तशीच कपाटात पडून असत. "गोळ्यांनी पोट बिघडतं," हे तिचं ठरलेलं उत्तर. आता ती सगळ्यांना सांगायची, "माझ्या लेकाच्या हाताला गुण आहे." शेजारच्या मास्तरीणबाई, त्यांच्या पलीकडची शिंप्याची आई, अशा चौघी जणी रोज दुपारी आईकडे येत, तिच्याच डब्यातली चमचाभर पावडर पाण्यातून घेत आणि ताठ पायांनी घरी जात. ताईचा जीव चडफडायचा. पण आई चालत होती, आणि चालणाऱ्या आईपुढे शास्त्र सांगायचं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

अशात एका मोठ्या दुकानदाराने भावाकडे दोनशे डबे मागितले. त्याच्या चांगल्या बारा शाखा होत्या. अट एकच, शुक्रवारपर्यंत प्रयोगशाळेचा रिपोर्ट हवा, की पावडरीत चोरून घातलेलं औषध नाही. झाडपाल्याच्या नावाखाली वेदनाशामक गोळ्या दळून विकणारे पुष्कळ. ताईच्या प्रयोगशाळेत अशा चाळीस औषधांची यादीच होती.

"तूच कर ना ताई," भाऊ म्हणाला. "एवढं जमलं की मी उभा राहिलो. मग तुला कधी काही मागणार नाही."

तो कधीच काही मागत नसे, म्हणून तर तिला ते लागलं. तिने त्याला रीतसर अर्ज भरायला लावला. घरचं म्हणून सवलत नाही, रिपोर्टवर यंत्राचा आकडा जाईल, नातं नाही, असं चार वेळा बजावलं. नमुना घेताना मात्र तिने जे केलं ते दुसऱ्या कुणी केलं असतं तर तिने त्याला दारातूनच परत पाठवलं असतं. नियम असा की नमुना साठ्यातून घ्यायचा, पाच वेगवेगळ्या पोत्यांतून, तपासणाऱ्यासमोर, आणि तिथल्या तिथे सील करायचा. सोमवारी सकाळी तिला उशीर झाला होता. भाऊ म्हणाला, "आईच्या डब्यातलीच घे ना. तीच सगळ्यात भारी उतरलीय, गुण तिचाच आलाय." आणि ब्लँकताईंनी ओट्यावरच्या डब्यातून दोन चमचे पावडर पिशवीत घातली आणि पर्समध्ये टाकली. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

मंगळवारी अकरा वाजता पडद्यावर सुळका आला. चांगला ताडमाड.

वेळ सहा मिनिटं. वजन दोनशे शहाण्णव. तुकडे अडीचशे आणि दोनशे चौदा. यादीत बघायची गरज नव्हती, रोजची ओळख होती. डायक्लोफेनॅक, सांधेदुखीवरची साधी, जुनी, कुठल्याही मेडिकलात मिळणारी गोळी.

ताईने पहिला संशय यंत्रावर घेतला. एरवी यंत्राच्या बाजूने भांडणारी बाई त्या दिवशी त्याच्यावर तुटून पडली. सकाळी एका कारखान्याच्या गोळ्या तपासल्या होत्या, त्याचंच काही सुईला राहिलं असेल. तिने सुई धुतली. ब्लँक चालवला, रेषा सपाट. पुन्हा नमुना, पुन्हा सुळका. नळ्या बदलल्या, द्रावण नवं केलं, बाटल्या नव्या घेतल्या, शेवटी कॉलमही बदलला. नऊ ब्लँक चालवले आणि नऊच्या नऊ कोरे निघाले. आयुष्यात पहिल्यांदा ती देवाकडे मागत होती की माझं यंत्र घाण निघू दे. यंत्र मेलं चकाचक होतं.

साहेब मागे येऊन उभे राहिले. "काय हो, आज नुसतं कोरंच तपासताय?"

"खात्री करतेय," ती म्हणाली.

संध्याकाळी ती घरी न जाता थेट गाळ्यात गेली. भाऊ डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होता. 'संपूर्ण शुद्ध' असं हिरव्या अक्षरांत छापलेल्या.

"काय मिसळतोस यात?"

"सुंठ, मेथ्या आणि..."

"खरं बोल. गोळ्या कुठून आणतोस?"

त्याला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तो चिडला नाही, हे वाईट. त्याने हातातली चिठ्ठी नीट खाली ठेवली. "ताई, मी तीनदा बुडालो. पण कुणाला फसवलं का कधी? पेले गळले तर मी घरोघर जाऊन परत घेतले. तुला माहितीय."

तिला माहीत होतं. ती पेल्यांची पोती तिनेच त्याच्याबरोबर उचलली होती.

"मग पोती उघड," ती म्हणाली. आणि मग सोमवारी जे करायला हवं होतं ते तिने मंगळवारी केलं. पाच पोती, पाच नमुने, पाच सीलं. भाऊ टॉर्च धरून उभा राहिला.

बुधवारी पाचही नमुने यंत्रातून गेले. पाचही वेळा सहाव्या मिनिटाला रेषा जमिनीवर झोपलेली. चाळीस औषधांपैकी एकही नाही. भावाची पावडर इतकी शुद्ध होती की तपासणाऱ्याला जांभई यावी. ताई खुर्चीत मागे टेकली आणि लगेच पुन्हा ताठ झाली. पोत्यात नाही, पण डब्यात आहे. आणि डबा तर ओट्यावर असतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

गुरुवारी तिने अर्धी रजा टाकली. साहेबांनी तब्येत बरी आहे ना असं विचारलं, कारण अकरा वर्षांत तिने अर्धी रजा कधी घेतली नव्हती. ती साडेबाराला घरी आली. लॅच उघडून आत शिरली तर स्वयंपाकघरातून ठक् ठक् आवाज येत होता.

आई ओट्यापाशी ताठ उभी राहून खलबत्त्यात कुटत होती. शेजारी गोळ्यांची चार रिकामी पाकिटं, हिशेबशीर एकावर एक. लेकीला बघून ती दचकली, पण हात थांबला नाही. उरलेलं कुटून तिने डब्यात ओतलं, वर झाकण लावलं आणि डबा जोरात हलवला. ताईच्या मनात आलं, मिसळण्याची पद्धत मात्र बरोबर आहे.

"आई, हे काय चाललंय?"

"माझ्याच गोळ्या आहेत. डॉक्टरने मला दिलेल्या. विष आहे का?"

"गोळ्या घेत नाही म्हणत होतीस ना?"

"घेत नव्हतेच." आई खुर्चीत बसली. "त्याने पहिला डबा आणून दिला. आठ दिवस घेतली पावडर. काही नाही, तसूभर फरक नाही. तो रोज सकाळी येऊन तोंडाकडे बघायचा. आई, आज बरं आहे? आज जरा बरं? मी काय सांगू त्याला? हाही बुडाला म्हणून सांगू?" तिने डोळे पुसले आणि लगेच आवाज चढवला. "मग काढली ती पाकिटं कपाटातून. आणि संपली तशी चालत गेले मेडिकलात, डॉक्टरची जुनी चिठ्ठी दाखवून आणली. माझ्या पायांनी गेले."

"आणि नुसती गिळता येत नव्हती गोळी? डब्यात कशाला कालवायची?"

"बायका यायला लागल्या ना! त्यांना काय नुसती सुंठ देऊ? त्यांनी उद्या सगळीकडे सांगितलं असतं, आईला गुण आला नि आम्हाला नाही."

मास्तरीणबाईंना मूत्रपिंडाचं दुखणं होतं. त्यांना अशा गोळ्या साफ बंद होत्या. "आई, त्यांचा जीव गेला असता!"

हे आईच्या ध्यानीमनीही नव्हतं, ते तिच्या तोंडावर दिसलं. मग हळूच म्हणाली, "त्या तर रोज हसत जात होत्या गं."

ताई तशीच चार दारं फिरली. वाटलं होतं, बायका शिव्या घालतील. शिंप्याची आई फक्त म्हणाली, तरीच पोटात जळजळायचं. मास्तरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला आणि म्हणाल्या, "म्हणजे पावडरीत खरंच औषध होतं तर! मी आपली समजत होते की मनाचे खेळ आहेत." त्यांना केवढा आनंद झाला. गोळीचं नाव लिहून द्या म्हणाल्या. ताईने त्यांना रिक्षात घालून डॉक्टरांकडे नेलं, रक्त तपासून घेतलं. आकडे थोडे वर गेले होते, पण थोडक्यात निभावलं. परतताना मास्तरीणबाई म्हणाल्या, "तुमच्या आईला रागावू नका हो. माझ्या लेकाने साधा दवाखाना काढला असता तरी मी रुग्ण पुरवले असते."

आता राहिला भाऊ. शुक्रवारी सकाळी ताईने त्याच्यापुढे रिपोर्ट ठेवला. पाच पोत्यांचा, सही-शिक्क्याचा, खरा. चाळीस ओळी आणि प्रत्येक ओळीपुढे 'आढळले नाही'. तो उजळला. मग तिने त्याला डब्याची गोष्ट सांगितली. सांगितल्यावाचून चालणार नव्हतं, आणि सांगताना प्रत्येक वाक्याला तिला वाटत होतं की यंत्राचं काम आपल्यापेक्षा सोपं आहे, त्याला ऐकणाऱ्याचं तोंड बघावं लागत नाही.

"म्हणजे आईला गुण आला तो..."

"गोळ्यांचा."

"आणि त्या चौघींना?"

"तोच."

त्याने रिपोर्टवरून बोट फिरवलं, पहिल्या ओळीपासून चाळिसाव्यापर्यंत. "आणि माझ्या पावडरीत?"

"शुद्ध आहे," ती म्हणाली. याहून वाईट शब्द तिला सापडला नसता.

मग त्याने फोन उचलून दुकानदाराला लावला, आवाज मोठा करून, बहुतेक धीर यावा म्हणून. रिपोर्ट चांगला आला, असं आधी सांगितलं. आणि मग म्हणाला, "पण एक सांगायचं होतं. याने गुडघे बरे होत नाहीत. आमचा समज चुकीचा होता."

पलीकडे दुकानदार मनापासून हसला. "अहो, गुण येतो की नाही हे मी कुठं विचारलं? त्यात काही सापडत नाही ना? कागद आहे ना तसा? मग झालं तर. दोनशेचे चारशे करा, गाडी पाठवतो."

भावाने ताईकडे पाहिलं. जगातल्या प्रत्येक गोष्टीवर मत असलेल्या त्या बाईने भिंतीकडे पाहिलं. तिच्या सहीचा खरा कागद एका खोट्या गोष्टीचा जामीन होऊन टेबलावर पडला होता. हा 'हो' म्हणाला असता तर ती काय बोलणार होती, हे तिचं तिलाही माहीत नव्हतं.

"नाही," भाऊ म्हणाला. "गाडी नका पाठवू." आणि फोन ठेवला. "आधीचे तीन आपोआप बुडाले," तो म्हणाला. "हा मी बुडवला." एवढं बोलून तो हसला, आणि मग त्याने टेबलावर डोकं टेकलं. ताईने त्याच्या पाठीवर हात ठेवला. लहानपणानंतर पहिल्यांदाच ठेवला असावा, कारण कुठे ठेवावा हे तिला चटकन सुचलं नाही.

स्वयंपाकघरातून आईने सगळं ऐकलं होतं. ती बाहेर आली, ताईपुढे उभी राहिली. "झालं समाधान?" एवढंच म्हणाली आणि आपल्या खुर्चीत जाऊन बसली.

ती बसली ती बसलीच. दुसऱ्या दिवसापासून तिने गोळी घेणं बंद केलं. ताईने पाकीट पुढे केलं, पाण्याचा पेला धरला, रागावली, हात जोडले. डॉक्टरांना घरी बोलावलं. त्यांनी ती गोळी बदलून पोटाला सोसेल अशी दुसरी साधी गोळी दिली. आई म्हणे, पोट बिघडतं. तिसऱ्या दिवशी तिला न्हाणीघरापर्यंत न्यायला दोघं लागली. पाऊल टाकताना ती कण्हत होती, पण तोंड घट्ट मिटलेलं.

त्या संध्याकाळी ताईला ते उमजलं, आणि उमजल्यावर वाईट वाटलं, चांगलंच वाईट वाटलं. दोन वर्षं ती दर महिन्याला गोळ्या आणत होती. गोळ्या त्याच, गुडघे तेच. लेकीच्या सांगण्यावरून आईने एक गोळी घेतली नव्हती, स्वतःच्या दुखण्यासाठीही नव्हती. घेतली ती त्याचा धंदा चालावा म्हणून. आता धंदा नव्हता, तर गोळी कशाला?

तिने डॉक्टरांना फोन करून विचारलं, नवी गोळी कुटून दिली तर चालेल का. चालेल म्हणाले. मग भेसळ पकडण्यात जिने अर्धं आयुष्य घालवलं त्या ब्लँकताईंनी एक गोळी खलबत्त्यात घातली आणि बारीक कुटली. बंद गाळ्यातून भावाला चमचाभर पावडर आणायला लावली. दोन्ही एका कपात घातलं, पाणी ओतलं, नीट ढवळलं आणि कप भावाच्या हातात दिला.

"तू दे," ती म्हणाली. "माझ्या हातून नाही घेणार."

भाऊ कप घेऊन खुर्चीपाशी गेला. "आई, नवी केलीय. बघ जरा."

आईने कपात पाहिलं. मग त्याच्याकडे पाहिलं आणि मग दारात उभ्या असलेल्या लेकीकडे. तिला काय कळायचं राहिलं होतं? तिने कप तोंडाला लावला आणि शेवटच्या थेंबापर्यंत संपवला.

"या खेपेला हात बसलाय हो तुझा," ती लेकाला म्हणाली. "आता गुण येईल."

मग रिकामा कप तिने ताईच्या दिशेने पुढे केला. "हा धुऊन ठेव गं."